नवोन्मेष व्यवस्थापन आणि रचनाबद्ध शोधपद्धती : कोल्हापूरच्या संदर्भात

नवी वस्तू किंवा नवी प्रक्रिया सुचल्यापासून ती बाजारात रुळेपर्यंतच्या सगळ्या कामाची आखणी, निवड आणि पाठपुरावा म्हणजे नवोन्मेष व्यवस्थापन. त्यातला सुचण्याचा भाग योगायोगावर किंवा एखाद्या हुशार माणसावर न सोडता ठरावीक रीतीने करण्याचे जे मार्ग आहेत, त्यांना रचनाबद्ध शोधपद्धती म्हणतात. कोल्हापूरच्या कारखानदारीला युक्तीची वाण कधी पडली नाही. त्या युक्तीतून स्वतःच्या नावाचे उत्पादन उभे राहणे मात्र इथे कमीच घडले, आणि या विषयाचे स्थानिक महत्त्व तिथेच आहे.

पूर्वपीठिका

स्वतः यंत्र घडवण्याची या शहराची खोड जुनी. आनंदराव मेस्त्री आणि त्यांचे नात्यातले भाऊ बाबूराव पेंटर यांनी सिनेमाचा कॅमेरा इथेच बनवायचा चंग बांधला. 1916 मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून 1918 च्या सुमारास तो पुरा केला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचे सुरुवातीचे चित्रीकरण त्याच कॅमेऱ्यावर झाले. पुढे शिवाजी उद्यमनगरात शेतीपंपांसाठी ऑइल इंजिने तयार होऊ लागली. ते कोल्हापूरचे स्वतःचे उत्पादन होते. शेतात वीज पोचली तशी इंजिनांची मागणी ओसरली, आणि हीच वर्कशॉपे ओतकाम आणि मशिनिंगकडे वळली. आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतून वाहने, ट्रॅक्टर, पंप आणि व्हॉल्व्ह यांचे सुटे भाग देशभर जातात.

पण या कामात ड्रॉइंग गिऱ्हाईकाचे, मटेरियलचा ग्रेड त्याने ठरवलेला, पॅटर्नही (ज्यावरून साचा घडवतात तो नमुना) बहुतेकदा त्याच्याच मालकीचा. भागाच्या आकाराला हात लावायची मुभा नसते. त्यामुळे डोके चालते ते साच्यात, भट्टीत आणि मशिनवर भाग पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरमध्ये. इथल्या नवोन्मेषाचा मोठा वाटा प्रक्रियेतला आहे आणि म्हणूनच तो बाहेरच्यांच्या नजरेत भरत नाही.

ट्रिझ

रचनाबद्ध पद्धतींत सर्वांत भक्कम मांडणी गेनरिख आल्टशुलर (1926–1998) यांच्या ट्रिझची, म्हणजे शोधक रीतीने प्रश्न सोडवण्याच्या सिद्धांताची, मानली जाते. सोव्हिएत नौदलात पेटंटचे काम पाहताना त्यांनी शोधांचे अर्ज ढिगाने चाळले, आणि वेगवेगळ्या क्षेत्रांतले शोध मोजक्याच चालींनी लागतात असे त्यांच्या ध्यानात आले. देशातल्या संशोधनाच्या अवस्थेवर टीका करणारे पत्र त्यांनी थेट स्टॅलिनला धाडले. 1950 मध्ये अटक झाली, 25 वर्षांची शिक्षा ठोठावली गेली आणि रवानगी व्होर्कुताच्या छावणीत झाली. स्टॅलिनच्या मृत्यूनंतर 1954 मध्ये सुटका झाली आणि 1956 मध्ये राफाएल शापिरो यांच्यासह त्यांनी या विषयावरचा पहिला लेख प्रसिद्ध केला.

ट्रिझचा गाभा अंतर्विरोध हा आहे. एक गुण वाढवला की दुसरा बिघडतो. अशा वेळी साधारण अभियंता मधला आकडा धरून मोकळा होतो, ट्रिझ तसे करू देत नाही. वजन, ताकद, तापमान, अचूकता अशा 39 गुणधर्मांचा तक्ता आणि विभाजन, उलटापालट, आधीच करून ठेवणे, मध्यस्थ घालणे अशी 40 तत्त्वे वापरून दोन्ही बाजू एकदम साधायचा प्रयत्न करायचा असतो. त्याच्या जोडीला ‘आदर्श अंतिम परिणाम’ ही कल्पना येते : यंत्रणा नाहीशी व्हावी, पण तिचे काम होत राहावे.

फौंड्रीतल्या रायझरकडे या नजरेने पाहता येते. ओतलेला धातू थिजताना आकसतो. ती तूट भरायला साच्यात रायझर ठेवतात, म्हणजे भागाला जोडून रसाचा (वितळलेल्या धातूचा) जादा साठा. रायझर लहान पडला तर भागाच्या पोटात पोकळी राहते आणि ती बरेचदा मशिनिंगच्या वेळी, गिऱ्हाईकाच्या दारात उघडी पडते. मोठा ठेवला तर वितळवलेल्या धातूतला बराच भाग कापून पुन्हा भट्टीत घालावा लागतो. वीज गेली, वेळ गेला, यील्ड (वितळवलेल्या धातूतून हाती येणाऱ्या मालाचे प्रमाण) घसरली. अंतर्विरोध असा की रायझर मोठाही हवा आणि लहानही. मेस्त्री अनुभवाने मधला आकार धरतो. पण खरी गरज आकाराची नाहीच. भाग थिजेपर्यंत रायझरमधला रस पातळ राहिला पाहिजे, एवढीच आहे. प्रश्न असा मांडला की उष्णता धरून ठेवणारी किंवा स्वतः उष्णता देणारी स्लीव्ह रायझरभोवती बसवावी हे ओघाने येते, आणि लहान रायझर मोठ्याचे काम करू लागतो.

आदर्श परिणामापर्यंत गेले तर प्रश्न आणखी पुढे सरकतो : रायझरच नको. राखाडी आणि एसजी (गोलाकार ग्रॅफाइटच्या) बिडात थिजताना ग्रॅफाइट वेगळे होते आणि त्यामुळे धातू थोडा फुगतो. साचा पुरेसा टणक असेल तर हा फुगवटा बाहेर न जाता आतली तूट भरून काढतो. म्हणजे हवे असलेले साधन धातूतच दडलेले असते. योग्य रासायनिक प्रमाण, चांगले इनॉक्युलेशन (ग्रॅफाइट नीट सुटावे म्हणून रसात घालायची मात्रा) आणि न हलणारा साचा जमला, तर काही जाड भाग रायझरशिवायही ओतता येतात. हे ज्ञान ट्रिझमधून आलेले नाही, ओतकामाच्या शास्त्रातलेच आहे. पद्धतीचे काम, कुठे पाहायचे ते दाखवण्यापुरते.

ट्रिझच्या मर्यादा उघड आहेत. तिचा तक्ता जुन्या, मुख्यतः यांत्रिक पेटंटांवर बेतलेला असल्याने सॉफ्टवेअरला तो तोकडा पडतो, आणि शिकायला वेळ लागतो. सॅमसंगसारख्या कंपनीने रशियन तज्ज्ञ बोलावून ती रुजवली. वीस-पंचवीस माणसांच्या फौंड्रीला ते परवडणारे नाही. तिथे अंतर्विरोध एका ओळीत नीट लिहून काढण्याची सवय लागली तरी निम्मे काम होते.

इतर पद्धती

ॲलेक्स ऑस्बॉर्न यांचे विचारमंथन सर्वांत लोकप्रिय आणि, साहेबासमोर कुणी तोंड उघडत नसेल तर, सर्वांत निरुपयोगी. लॉरेन्स माइल्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जनरल इलेक्ट्रिकमध्ये घडवलेले मूल्य अभियांत्रिकी ‘हा भाग काय काम करतो आणि तेच काम स्वस्तात कशाने होईल’ एवढेच विचारते. जॉबवर्कवाल्यांच्या स्वभावाला ते लवकर मानवते. योजी आकाओ यांची जपानी पद्धत गिऱ्हाईकाच्या बोलण्यातून तांत्रिक मापे काढते.

खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांचे रूपविश्लेषण गुऱ्हाळावर लावून पाहण्यासारखे आहे. उत्पादनाचे घटक उभे मांडायचे आणि प्रत्येकापुढे पर्याय आडवे लिहायचे. रसाची मळी काढायला रानभेंडीचा चिकट रस, दुसरी एखादी वनस्पती किंवा रासायनिक पावडर. आटवायला एकच मोठी काहील, दोन काहिलींची जोडचूल किंवा वाफ. शेवटचे रूप ढेप, वडी, पावडर किंवा काकवी. तीन, तीन आणि चार पर्यायांच्या 36 जोड्या होतात. बहुतेक टाकाऊ निघतात, काही आधीच चालू असतात, आणि दोन-तीन अशा सापडतात ज्यांचा विचारच कुणी केला नव्हता.

निवड

कल्पना सुचवण्यापेक्षा त्या मारणे अवघड. रॉबर्ट कूपर यांनी 1980 च्या दशकात मांडलेल्या टप्पे-आणि-दारे पद्धतीत प्रत्येक टप्प्यानंतर पैसे पुढे घालायचे की काम थांबवायचे हे आधी ठरवलेल्या निकषांवर ठरते. घरच्या मालकीच्या कारखान्यात गोची होते ती इथेच : कल्पना आण्णांचीच असेल तर सगळी दारे सताड उघडी. नवोन्मेष व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय मानके, 2019 चे मार्गदर्शक आयएसओ 56002 आणि 2024 चे प्रमाणनयोग्य आयएसओ 56001, नेतृत्वाच्या जबाबदारीवर भर देतात तो उगाच नाही.

भौगोलिक मानांकन व पेटंट

कोल्हापुरी चपलेपुढे वेगळाच अंतर्विरोध आहे. तिचे भौगोलिक मानांकन महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांचे आहे. नाव टिकवायचे तर वनस्पतीजन्य कमावणीचे चामडे आणि हाताची घडण सोडता येत नाही. तरुण गिऱ्हाईक टिकवायचे तर ती हलकी आणि पायाला न चावणारी हवी. त्यामुळे बदल पट्टे, रंग, मापे आणि आतल्या गादीत होतात. 2014 मध्ये मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी गुळालाही नाव आणि नवेपणा यांचा मेळ असाच घालावा लागतो.

भारतात पेटंटची मुदत अर्जापासून 20 वर्षे असते. तात्पुरते विवरण देऊन आधी तारीख पकडता येते आणि संपूर्ण विवरणाला 12 महिने मिळतात. लहान उद्योगांना शुल्कात मोठी सवलत आहे. तरीही प्रक्रियेतल्या सुधारणेसाठी पेटंट घ्यायला फौंड्रीवाला सहसा धजत नाही. अर्ज साधारण 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि युक्ती सगळ्यांना वाचायला मिळते. शेजारच्या शेडमध्ये तीच वापरली जात असली, तरी तयार कास्टिंग हातात घेऊन ते सिद्ध करता येत नाही.