धबधब्यापुढची काळी काच: एनडी फिल्टरची पार्श्वभूमी

श्रावणात नळदुर्गला जा. बोरी नदीवरचा किल्ल्यातला बंधारा भरून वाहत असतो, नर आणि मादी हे दोन धबधबे शेजारी शेजारी कोसळत असतात, आणि समोर कुणी ना कुणी ट्रायपॉड लावून उभं असतंच. लेन्सपुढे जवळपास काळी दिसणारी एक काच असते. फोटोग्राफर तिला नुसतं ‘एनडी’ म्हणतात. न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर म्हणजे कॅमेऱ्याचा गॉगल: रंग बदलू न देता उजेड कमी करणारा. त्यामुळे शटर काही सेकंद उघडं ठेवता येतं आणि पाणी पिंजलेल्या कापसासारखं उतरतं.

फोटोग्राफीच्या सुरुवातीला अशा काचेची कुणाला गरजच नव्हती. तेव्हा उजेड पुरत नव्हता. 1838 मध्ये फोटोग्राफीचा एक जनक मानल्या जाणाऱ्या फ्रान्सच्या दागेरनं पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो काढला. उजेड टिपणारी प्लेट इतकी मंद होती की एक्सपोजरला, म्हणजे तिच्यावर उजेड पडू द्यायला, काही मिनिटं लागली. घोडागाड्या, चालती माणसं, सगळं पुसलं गेलं. राहिला तो बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी थांबलेला माणूस. आज बीबी का मकबऱ्यासमोरची गर्दी फोटोतून नाहीशी करायला दहा स्टॉपचा एनडी लावतात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). दागेरला तोच परिणाम नको असताना मिळाला होता.

आपल्या मुलखातही कॅमेरा फार लवकर आला. ब्रिटिश लष्करी अधिकारी मेजर रॉबर्ट गिल आणि स्थानिक तरुणी पारो यांची प्रेमकथा मराठवाड्यात घराघरात माहीत आहे, गिलचा कॅमेरा मात्र फारसा कुणी आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करायला आलेल्या या माणसानं वेरूळ-अजिंठ्याचे फोटोही काढले आणि ते 1864 मध्ये लंडनला पुस्तकरूपानं छापले गेले. त्याच्या रंगवलेल्या बहुतेक प्रती 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, त्यामुळे त्या फोटोंचं मोल आणखी वाढतं. तो काळ ओल्या कोलोडियन प्लेटचा. काचेवर द्रावण ओतायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते द्रावण किती भराभर सुकत असेल, याची कल्पना करा. एक्सपोजर सेकंदांत मोजायचं, लेण्यांच्या आत तर कितीतरी जास्त. त्या काळच्या फोटोंत वाहतं पाणी बहुधा धुक्यासारखं दिसतं ते यामुळेच.

मग प्लेट वेगवान झाली. 1871 मध्ये मॅडॉक्स या इंग्लिश डॉक्टरनं जिलेटिनची कोरडी प्लेट सुचवली आणि पुढच्या दहा वर्षांत एक्सपोजर सेकंदाच्या अंशावर आलं. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ संस्थानातल्या वास्तूंचे फोटो काढत होते तो हाच काळ. उजेड आता जास्त होऊ शकत होता.

तो नेमका किती, हे मोजायची भाषा 1890 मध्ये आली. इंग्लंडमधल्या रासायनिक कारखान्यात काम करणाऱ्या हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी प्लेटवरचा काळेपणा लॉगरिदममध्ये मांडला आणि त्याला ‘डेन्सिटी’ म्हटलं. आज फिल्टरच्या कडेला 0.9, 1.8, 3.0 असे आकडे कोरलेले असतात ते तिथूनच आलेत. 0.3 म्हणजे उजेड निम्मा, म्हणजेच एक स्टॉप. लॉगरिदम असल्यामुळे दोन फिल्टर एकावर एक लावले की आकड्यांची सरळ बेरीज होते. दुसरी पद्धत पटीची, म्हणजे उजेड किती पटीनं कमी होतो ते सांगणारी: 0.9 म्हणजे एनडी 8, 1.8 म्हणजे एनडी 64 आणि 3.0 म्हणजे एनडी 1000. नवख्या माणसाचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो.

‘न्यूट्रल’ या शब्दाला अर्थ यायला मात्र आणखी वेळ लागला, आणि मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जुन्या प्लेटला मुख्यतः निळा उजेडच कळायचा. मग काच सगळे रंग सारखे अडवते की नाही, याला काय महत्त्व? 1906 च्या सुमारास रॅटन अँड वेनराइट या इंग्लिश कंपनीत केनेथ मीस यांनी सगळे रंग ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटवर काम केलं, आणि सोबत नीट मोजमाप केलेले जिलेटिनचे फिल्टरही. 1912 मध्ये कोडॅकनं ती कंपनी घेतली. कोडॅकच्या यादीतला रॅटन 96 हा पातळ करडा फिल्टर म्हणजेच एनडी. पुढे रंगीत फिल्म आल्यावर तर काचेत जराही रंग असला की तो फोटोत उतरायचा.

ही अडचण डिजिटलनंतरही गेली नाही. सेन्सरला आपल्या डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेडही थोडा दिसतो. दहा स्टॉपचा स्वस्त फिल्टर दिसणारा उजेड अडवतो, पण इन्फ्रारेड आत सोडतो, आणि काळ्या पाषाणावर तपकिरी झाक चढते. वेरूळच्या दगडाचा रंग असा बिघडलेला पाहिला की मला खरंच त्रास होतो. फिल्टर घेताना पैसे यासाठी मोजावेत.

आता तर एनडी खेड्यापाड्यांतल्या लग्नाच्या शूटिंगपर्यंत पोचलाय. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100 ला ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, एफ 16 आणि शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास लागतं. व्हिडिओला पंचवीस फ्रेम्ससाठी शटर एकपन्नासांश हवं आणि मागचं धूसर करायला त्याहून मोठं भोक, एफ 2.8. हिशेब केला तर सहा स्टॉप जास्त होतात, म्हणजे एनडी 64. बऱ्याच ड्रोनना ॲपर्चर बदलताच येत नाही, तिथे तर फिल्टरशिवाय गत्यंतर नाही.

नळदुर्गला मी दहा स्टॉपचा लावतो. आधी फ्रेम ठरवायची, फोकस मॅन्युअलवर टाकायचा आणि मगच फिल्टर फिरवून बसवायचा, कारण त्यानंतर व्ह्यूफाइंडरमधून काहीच दिसत नाही. मागून उजेड शिरू नये म्हणून व्ह्यूफाइंडरवर रुमाल. तुषार सारखे काचेवर येतात, ते दर फोटोआधी पुसायचे. ढगांतून ऊन पडलं की दहा सेकंदांत काम होतं, पडलं नाही तर तीस-चाळीस लागतात. अजिंठ्याला किंवा मकबऱ्याला जाणार असाल, तर ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी आधीच काढून ठेवा.