जुना छोटा डिजिटल कॅमेरा आणि प्रकाशाचा हिशेब

२००५च्या आसपास विकल्या गेलेल्या खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्यांत बहुधा ‘१/२.५ इंची’ सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, असे. या नावावर जाऊ नये. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून आकार सांगायची पद्धत होती, ती तशीच पुढे चालत आली. प्रत्यक्षात हा सेन्सर सुमारे ५.८ मिलिमीटर रुंद आणि ४.३ मिलिमीटर उंच भरतो, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. ३५ मिमी फिल्मच्या एका चौकटीचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, तर याचे जेमतेम २५. या कॅमेऱ्याचे बहुतेक गुणदोष याच आकड्यातून निघतात. तो समजला की कॅमेरा कुठे वापरायचा आणि कुठे त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवायची नाही, हे आपोआप कळते.

प्रकाश सलग धारेसारखा येत नाही, तो फोटॉन नावाच्या सुट्या कणांनी येतो आणि त्यांची संख्या क्षणोक्षणी कमीजास्त होते. सेन्सरवर प्रकाश मोजणारे लाखो बारीक ठिपके असतात, त्यांना पिक्सेल म्हणतात. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन पडत असतील, तर हा नैसर्गिक चढउतार त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १०० असतो. एक टक्का, डोळ्याला तो जाणवत नाही. सेन्सर लहान म्हणजे पिक्सेलही लहान, त्याच्या वाट्याला फोटॉन कमीच. त्याच पिक्सेलवर फक्त १०० फोटॉन पडले, तर चढउतार १० चा, म्हणजे तब्बल दहा टक्के. सावलीतल्या भिंतीवर किंवा संध्याकाळच्या आकाशात दिसणारे रंगीत दाणे मुख्यतः यातूनच येतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याच्या संवेदनशीलतेचा आकडा, वाढवल्याने सेन्सरवर प्रकाश वाढत नाही. आलेला संकेत फक्त मोठा केला जातो, त्यातल्या खरखरीसकट. मग कॅमेरा ती खरखर पुसायला जातो आणि तिच्याबरोबर केस, गवत, कापडाचा पोत हेही पुसून टाकतो.

म्हणून पहिले काम हे: मोडची चकती ‘ऑटो’वरून ‘पी’वर (प्रोग्रॅमवर) आणावी आणि आयएसओ ८० किंवा १००वर पक्के करावे. पूर्ण ऑटोमध्ये बऱ्याच कॅमेऱ्यांत आयएसओला हातच लावता येत नाही. घरात खिडकीजवळ २०० चालते. ४०० तेव्हाच, जेव्हा फोटो मिळणे हे त्याच्या दर्जापेक्षा महत्त्वाचे असते.

दुसरे, झूमचा मोह आवरावा. तीनपट झूमच्या साध्या कॅमेऱ्यावर ‘एफ २.८–४.९’ असे काहीतरी छापलेले असते. हा लेन्सच्या छिद्राचा आकडा: तो जितका मोठा तितके छिद्र बारीक. पहिला आकडा अजिबात झूम न करता, दुसरा पूर्ण झूम केल्यावरचा. २.८ वरून ४.९ वर गेले की सेन्सरवर पोचणारा प्रकाश एक तृतीयांश होतो. शिवाय दृश्य तिप्पट मोठे झाल्याने हाताचा कंपही तिप्पट दिसतो: विना झूम सेकंदाचा १/३० वेळ हातात धरून जमतो, पूर्ण झूमला १/१०० लागतो. प्रकाश एक तृतीयांश आणि वेळही एक तृतीयांश, म्हणजे फोटो हलू नये यासाठी जवळजवळ नऊपट उजेड हवा. ऊन असेल तर हरकत नाही. दिव्याच्या उजेडात मात्र झूम करण्याऐवजी चार पावले पुढे जावे. डिजिटल झूम तर मेनूत जाऊन कायमचा बंद करावा. तो फोटो कापून फुगवण्यापलीकडे काही करत नाही.

लहान पिक्सेलची दुसरी बाजू म्हणजे तो लवकर भरतो. भरला की त्यापुढचा प्रकाश नोंदवला जात नाही आणि पांढरा शर्ट, ढग, चकाकणारे पाणी पांढरेफटक पडते. असे बहुतेक कॅमेरे फक्त जेपेग फाइल देतात, तिच्यात दर रंगाच्या २५६ पायऱ्या असतात आणि पांढरा झालेला भाग नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. काळवंडलेला भाग थोडाफार वर आणता येतो. तेव्हा भर उन्हात फोटो उजळ किंवा गडद करणारे ‘+/−’चे बटण दाबून −१/३ किंवा −२/३ ठेवणे ही चांगली सवय. स्क्रीनच्या उजळपणावर विश्वास ठेवू नये: उन्हात तो फिका दिसतो, अंधारात भडक. हिस्टोग्रामची, म्हणजे चित्रात गडद भाग किती आणि उजळ किती हे दाखवणाऱ्या आलेखाची, सोय असेल तर तो बघावा. आलेख उजव्या भिंतीला चिकटला की उजळ भाग गेलाच.

आता याच लहानपणाचा फायदा. सेन्सर छोटा म्हणून लेन्सची नाभीय लांबीही (फोकल लेंग्थ) छोटी, ५.८ मिमीच्या आसपास. एफ २.८ला अशा लेन्सने २.४ मीटरवर फोकस केले, तर सुमारे १.२ मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळे रेखीव येते. मोठ्या कॅमेऱ्यात इतकी खोली मिळवायला छिद्र पार बारीक करावे लागते आणि उजेड गमवावा लागतो. रस्त्यावरची वर्दळ, खेळणारी मुले, बाजार यांसाठी ही देणगीच आहे. फोकस हाताने ठरवायची सोय असेल तर अडीच मीटरवर लावून ठेवावा. मग फोकससाठी थांबावेच लागत नाही. उलट, मागचे दृश्य धूसर करायचा अट्टहास इथे सोडून द्यावा. ते फक्त मॅक्रोत, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायच्या मोडमध्ये, जमते. काही कॅमेरे झूम न करता एक ते पाच सेंटिमीटरवर फोकस करतात, तेव्हा फुलाच्या मागचे सगळे विरघळून जाते. इतक्या जवळ लेन्सची स्वतःचीच सावली पडते आणि फ्लॅशचा उजेड लेन्सच्या नळीने अडतो, म्हणून फ्लॅश बंद ठेवून बाजूने येणारा उजेड शोधावा.

छिद्र बारीक केल्यावर चित्र आणखी रेखीव होईल, हा समज मात्र इथे उलटा पडतो. प्रकाश छोट्या छिद्रातून जाताना पसरतो. एफ ८ला एका बिंदूची सुमारे १०.७ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चकती होते, तर ७ मेगापिक्सेलच्या या सेन्सरवर एक पिक्सेल १.९ मायक्रॉनचा. म्हणजे एक बिंदू पाच-सहा पिक्सेलवर सांडतो. एफ २.८ला हीच चकती ३.८ मायक्रॉनची असते. त्यामुळे छिद्र निवडता येत असेल, तर एफ ४च्या आसपास थांबलेले बरे. काही कॅमेरे तर भर उन्हात छिद्र बारीक न करता लेन्सच्या आत करडा फिल्टर सरकवतात, तो याचसाठी.

‘बटण दाबले आणि क्षण निघून गेला’ ही या कॅमेऱ्यांबद्दलची सर्वांत जुनी तक्रार. दोष शटरचा कमी, फोकसच्या पद्धतीचा जास्त. कॅमेरा लेन्स मागेपुढे सरकवत जातो, दर ठिकाणी चित्रातला काळ्या-पांढऱ्यातला फरक मोजतो आणि तो सर्वांत जास्त जिथे असेल तिथे परत येतो. यात अर्धा-एक सेकंद सहज जातो. उपाय सोपा आहे: बटण अर्धे दाबायचे, हिरवा दिवा लागू द्यायचा, बोट तसेच ठेवायचे आणि नेमक्या क्षणी पूर्ण दाबायचे. मग उरतो तो विलंब अगदी थोडा. फोकस सपाट भिंतीवर लागत नाही कारण तिथे फरकच नसतो. कॉलरची कड, खिडकीची चौकट, अक्षरे अशी स्पष्ट रेघ शोधून तिच्यावर अर्धे बटण दाबावे. ती रेघ मात्र ज्याचा फोटो काढायचा त्याच्याइतक्याच अंतरावर हवी.

फ्लॅशकडे लोक उगाच नाक मुरडतात. खरे तर जुन्या कॅमेऱ्याचा झेनॉन फ्लॅश ही मोबाइलच्या एलईडीत नसलेली गोष्ट आहे. सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात तो सगळा उजेड ओततो, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत नाचणारा माणूसही स्तब्ध पकडला जातो. त्यातही खरी मजा दुपारी. शटर लेन्समध्येच असल्याने यातले बहुतेक कॅमेरे जलद वेगालाही फ्लॅश बरोबर जुळवतात. मोठ्या कॅमेऱ्यांच्या पडद्याच्या शटरला ते सहसा १/२०० ते १/२५०च्या पुढे साधत नाही. सूर्य माणसाच्या पाठीमागे असेल आणि माणूस दीड-दोन मीटरवर असेल, तर विजेचे चिन्ह निवडून फ्लॅश सक्तीने चालू करावा. आकाश निळे राहते आणि चेहराही उजळतो.

त्याच्या मर्यादाही आकड्यांत सांगता येतात. अंतर दुप्पट झाले की उजेड एक चतुर्थांश होतो. एक मीटरवरचा माणूस नीट आला, तर दोन मीटरवरचा काळपट आणि चार मीटरवरची भिंत काळीकुट्ट. म्हणून समूहाचा फोटो काढताना सगळ्यांना जवळजवळ सारख्या अंतरावर उभे करावे. चेहरा फार जवळ असून पांढरा पडत असेल, तर फ्लॅशवर टिश्यू पेपरचा एक पदर धरावा. फोटोत तरंगणारे फिकट गोळे म्हणजे लेन्सपुढची धूळ किंवा पावसाचे बारीक थेंब. फ्लॅश लेन्सपासून दोन-तीन सेंटिमीटरवर असल्याने ते झळाळतात, आणि फोकसबाहेर असल्याने गोल दिसतात.

रंगांबद्दल एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत सीसीडीची, म्हणजे या कॅमेऱ्यांतल्या सेन्सरच्या प्रकाराची, कल्पना मांडली आणि २००९ मध्ये त्यांना त्यासाठी भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आज ‘सीसीडीचे रंग’ म्हणून या कॅमेऱ्यांचे कौतुक होते. पण सीसीडी असो वा सीमॉस हा दुसऱ्या प्रकारचा सेन्सर, पिक्सेल फक्त प्रकाश मोजतो. रंग ठरतो तो पिक्सेलवरच्या लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांनी आणि जेपेग बनवणाऱ्या आतल्या प्रक्रियेने. त्या काळच्या प्रक्रिया ठळक, गडद चित्र देत, आणि मोबाइलसारखे अनेक फोटो एकत्र करून सावल्या उजळवत नसत. आवडणारा फरक बहुतांशी तिथला आहे. संध्याकाळचा सोनेरीपणा टिकवायचा तर व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची भरपाई) ऑटोवर न ठेवता ‘ऊन’ किंवा ‘ढगाळ’वर लावावा, ऑटो तो रंग दोष समजून काढायला बघतो.

सेलच्या बाबतीत: पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात अल्कलाइन सेल घालून तो लगेच बंद पडला, म्हणजे कॅमेरा बिघडला असे नाही. लेन्स सरकवताना आणि फ्लॅश भरताना प्रवाह खूप लागतो. अल्कलाइनचा अंतर्गत रोध जास्त, त्यामुळे व्होल्टेज क्षणभर कोसळते आणि कॅमेरा सेल संपला असे समजतो. एनआयएमएच (निकेल-मेटल हायड्राइड) रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचेच असले तरी भार पेलतात. तेच घ्यावेत, आणि जुने-नवे मिसळू नयेत. लिथियम बॅटरी फुगलेली असेल तर चार्ज करू नये, दाबून बसवूही नये.

२००६च्या आधीचे एसडी कार्डावर चालणारे कॅमेरे बहुधा एसडीएचसी (जास्त क्षमतेचे) कार्ड वाचत नाहीत. त्यांना २ जीबी किंवा त्याहून लहान साधे एसडी लागते आणि ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. ७ मेगापिक्सेलचा फोटो तीन एमबी धरला, तरी सहाशेच्या वर मावतात.

जुना कॅमेरा घेताना तो चालू करून लेन्स दोन-तीनदा आतबाहेर होऊ द्यावी. घरघर किंवा अडखळ म्हणजे नळीत वाळू. मग उजळ भिंतीचा फोटो काढावा. चित्र जांभळे, आडव्या रेघांचे किंवा काळे आले तर सोडून द्यावा: २००५ मध्ये अनेक कंपन्यांनी असे कॅमेरे मोफत दुरुस्त करून देण्याचे जाहीर केले होते, कारण उष्णता आणि दमटपणामुळे सीसीडीतल्या बारीक तारांचे जोड सुटत होते. दिव्याकडे कॅमेरा धरल्यावर स्क्रीनवर उभी रेघ दिसते, तो मात्र बिघाड नव्हे. पिक्सेलमधला भार बाहेर वाहून नेणाऱ्या उभ्या रांगेत दिव्याचा थोडा उजेड झिरपतो, आणि यांत्रिक शटर बंद झाल्यावर वाचलेल्या स्थिर फोटोत ती रेघ सहसा येत नाही. तारीख सतत पुसली जात असेल, तर चार्ज केलेली बॅटरी एक दिवस आत ठेवून पाहावी. घड्याळाचा छोटा सेल मुख्य बॅटरीवर भरत असेल तर तो ताळ्यावर येतो. काहीही झाले तरी स्क्रू काढून आत हात घालू नये. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट असतात, आणि बॅटरी काढल्यावरही ते बराच वेळ टिकतात.