रायफल तुम्हाला आवडली, पण तिला गोळी कुठली आवडते?

२०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून मारायचा प्रकार) ब्रॉन्झ काढलं (फायनलचा स्कोअर ४५१.४) आणि त्यानंतर मला कुणी ना कुणी एकच प्रश्न विचारत राहिलंय, की पॉइंट टू टू (.२२) रायफल घ्यायची तर कुठल्या कंपनीची घ्यायची. प्रश्न साधा वाटतो पण तो अर्धाच आहे. कंपनीचं नाव शेवटी बघा, आधी काय बघायचं ते सांगतो, आणि त्यासाठी थोडं विज्ञानात शिरावं लागेल.

आधी नेम कशाचा धरायचाय ते बघू. ५० मीटरवरच्या टार्गेटला दहाची रिंग असते फक्त १०.४ मिलिमीटरची, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी. गोळीची कड त्या रिंगला नुसती टेकली तरी दहा मिळतात, पण आता फायनलमध्ये दशांशात स्कोअर मोजतात, १०.९ पर्यंत, त्यामुळे नुसतं टेकून भागत नाही. आपल्या कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची (पालथं पडून मारायच्या प्रकाराची) वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हा ६०० पैकी ५९७ मारले होते, म्हणजे ६० गोळ्यांत गेले किती तर फक्त तीन पॉइंट! आता माणूस कितीही स्थिर असू द्या, रायफल आणि गोळीच जर २५ मिलिमीटरमध्ये इकडेतिकडे जात असेल तर असा स्कोअर होणारच नाही.

आता ही गोळी म्हणजे काय प्रकरण आहे. .२२ ही रिमफायर जातीची. रिमफायर म्हणजे काडतुसाच्या बुडाला जी पातळ कड असते, रिम, तिच्या आत पोकळीत स्फोटक मसाला भरलेला असतो, आणि फायरिंग पिन मधोमध न मारता त्या कडेवर मारते, कड चेपते, मसाला पेटतो, त्याने पावडर पेटते. फ्रान्समध्ये फ्लोबेर नावाच्या माणसाने १८४५ च्या सुमारास याचं पहिलं रूप बनवलं आणि आज आपण जी .२२ लाँग रायफल म्हणतो ती १८८७ ला अमेरिकेत स्टीव्हन्स कंपनीने काढली. म्हणजे सव्वाशे वर्षांहून जुनं डिझाइन, आणि अजून ऑलिम्पिकमध्ये चालतंय. गोळी शिशाची, साधारण २.६ ग्रॅमची, वर मेणाचा किंवा ग्रीसचा हात फिरवलेला.

हा मसाला ओला असताना काडतुसात टाकतात आणि काडतूस गरागरा फिरवून तो कडेत पसरवतात. आता चारी बाजूंनी तो सारखा पसरला तर बरं, एखाद्या जागी कमी पडला आणि पिन नेमकी तिथेच आपटली तर राउंड मिस, म्हणजे गोळी सुटतच नाही. म्हणून सेंटरफायरपेक्षा (जिथे पिन काडतुसाच्या मधोमध मारते) रिमफायरला मिसफायर जास्त होतात, त्यात रायफलचा दोष असेलच असं नाही. (मिस झाला तर बॅरल टार्गेटकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबायचं, लगेच बोल्ट (काडतूस आत-बाहेर करायचा खटका) उघडायचा नाही, हे कॅम्पमध्ये उस्ताद पहिल्या दिवशी घोकून घेतात आणि का घेतात ते मला खूप उशिरा कळलं. मसाला कधीकधी उशिरा पेटतो.) अजून एक, सेंटरफायरवाले लोक घरी स्वतःच्या रायफलला सूट होतील अशी काडतुसं भरतात, पावडर कमीजास्त करतात, रिमफायरला ते जमतच नाही कारण कड एकदा चेपली की काडतूस संपलं. फॅक्टरीतून जे आलं तेच मारायचं. सगळा खेळ इथून सुरू होतो.

आता वेग. लोकांना वाटतं जास्त वेगाची गोळी म्हणजे जास्त अचूक. .२२ मध्ये उलटं आहे. हाय व्हेलॉसिटीची गोळी साधारण ३८० मीटर प्रति सेकंदाने निघते, आवाजाचा वेग २० अंशाला ३४३, म्हणजे ती आवाजापेक्षा जोरात निघते आणि पहिल्या ४०-५० मीटरमध्येच तो वेग ओलांडून खाली येते, आणि त्या उंबरठ्यावर हवेचा विरोध एकदम वाढलेला असतो, गोळीला धक्के बसतात. मॅचची, म्हणजे स्पर्धेची, गोळी मुद्दाम ३२०-३३० च्या आसपास ठेवलेली असते, ती त्या भानगडीत पडतच नाही. आणि आडव्या वाऱ्याचं तर अजून गमतीचं. वारा गोळीला किती ढकलणार हे ती हवेत किती वेळ होती यावर नसतं, हवेने तिचा किती वेळ खाल्ला यावर असतं, म्हणजे हवा नसती तर लागला असता त्यापेक्षा किती जास्त वेळ लागला. हाय व्हेलॉसिटी गोळी वेग जास्त गमावते म्हणून जास्त ढकलली जाते. १ मीटर प्रति सेकंदाचा आडवा वारा, म्हणजे गालाला जेमतेम जाणवेल असा, तो मॅच गोळीला ५० मीटरवर अंदाजे ५ मिलिमीटर सरकवतो आणि हाय व्हेलॉसिटीला ८-९. जास्त पैसे देऊन जास्त वेगाची पेटी आणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करावा.

वेग कमी हवा हे झालं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक गोळीचा वेग सारखा हवा. मॅच गोळी ५० मीटर जायला सेकंदाचा साधारण सहावा भाग घेते आणि तेवढ्यात ती १२ सेंटीमीटर खाली पडते, ते आपण साइटने, म्हणजे नेम धरायच्या खुणेने, भरून काढतो. पण एक गोळी दुसरीपेक्षा १० मीटर प्रति सेकंदाने हळू गेली तर ती अजून ७ मिलिमीटर खाली लागते. दहाची रिंग आठवा, १०.४. म्हणजे तुमचा श्वास, चाप, नेम सगळं परफेक्ट आणि तरी गोळी दहाच्या अगदी कडेवर.

इथे बॅरल मदतीला येऊ शकते. शाळेत बाकाच्या कडेला पट्टी धरून टर्रर्र वाजवायचो ना, गोळी सुटते तेव्हा बॅरल तशीच थरथरते, डोळ्याला दिसत नाही पण तोंड वरखाली होतं. जोरातली गोळी लवकर बाहेर पडते, हळू गोळी जरा उशिरा. आता त्या क्षणी बॅरलचं तोंड वर जात असेल तर उशिरा निघालेल्या हळू गोळीला थोडा जास्त वरचा कोन मिळतो, आणि ती जेवढी खाली पडणार होती तेवढं भरून निघतं. तोंड खाली येत असेल तर उलट, चूक अजून वाढते. एकच पेटी एका रायफलीत दहावर दहा आणि शेजारच्या तशाच दिसणाऱ्या रायफलीत पसरट, यामागे हे एक मोठं कारण आहे. काही लोक बॅरलच्या टोकाला ट्यूनर नावाचं वजन लावतात आणि ते पुढेमागे फिरवून हीच थरथर जुळवून घेतात.

म्हणून मी म्हणतो रायफल एकटी निवडता येत नाही, जोडी निवडावी लागते, बॅरल आणि गोळी, आणि गोळी म्हणजे नुसता ब्रँड नव्हे तर लॉट, म्हणजे फॅक्टरीत एका खेपेत बनलेला माल. ईली टेनेक्स असो, आरडब्ल्यूएस आर ५० असो की लापुआ, एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये फरक पडतो, एकाच बागेतल्या हापूसच्या दोन पेट्या सारख्या नसतात तसं. मोठे शूटर स्वतःची रायफल घेऊन गोळ्यांच्या कंपनीच्या टेस्ट सेंटरला जातात, तिथे शिकंज्यात आवळून दहा-वीस लॉट मारून बघतात, आणि जो लॉट सगळ्यात घट्ट ग्रुप देतो, म्हणजे ज्याच्या गोळ्या सगळ्यात जवळजवळ लागतात, त्याच्या हजारो गोळ्या एकदम उचलतात. मी एकदा एका मित्राच्या खूप महागड्या जर्मन रायफलीवर आणि माझ्या साध्या चेक रायफलीवर दोन्हीकडे चार प्रकारच्या गोळ्या मारून बघितल्या. त्याच्या रायफलीत सगळ्यात महाग पेटी सगळ्यात वाईट चालली आणि तिच्याहून निम्म्या किमतीची सुंदर चालली. त्याला पुढचे दोन दिवस ते पटेना. त्याने ती महाग पेटी मला दिली आणि माझ्याकडेही ती तशीच वाईट चालली, तर ते असो.

पण टेस्ट करताना एक फसवणूक टाळा. तीन गोळ्या मारायच्या, तिन्ही चिकटून लागल्या की फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचा, हे सगळे करतात. गणित असं आहे की तीच रायफल, तीच गोळी, तोच माणूस, तीनऐवजी दहा गोळ्या मारल्या तर ग्रुप सरासरी दीडपटीहून जास्त मोठा होतो. बिघडलं काहीच नाही, जास्त गोळ्या म्हणजे लांब भरकटणाऱ्या एकाददुसऱ्या गोळीला जास्त संधी. त्यामुळे दुकानदार "सर, १० मिलिमीटरचा ग्रुप आहे" म्हणाला की आधी विचारा किती गोळ्यांचा, मग विचारा असे किती ग्रुप मारले. दहा गोळ्यांचे निदान चार-पाच ग्रुप असल्याशिवाय दोन लॉटची तुलना करू नका. आणि लॉट बदलला की पहिल्या काही गोळ्या हिशोबात धरू नका, आधीच्या मेणावर नवीन मेण बसायला वेळ लागतो.

आता रायफलकडे येऊ. अचूक आणि भरवशाची हे दोन शब्द आपण एका दमात म्हणतो, पण .२२ मध्ये ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. गोळी जिथे बसते ती चेंबर घट्ट असली तर गोळी बॅरलच्या बरोबर मध्यावर बसते, आतल्या आट्यांना (गोळीला फिरवणाऱ्या पीळदार खाचांना) आधीच हलकी टेकते, सरळ निघते. पण तीच घट्ट चेंबर मेणाने, काजळीने जरा भरली की काडतूस आत जाईना, गेलं तर बाहेर येईना. सैल चेंबर काहीही खाते, कुरकुर करत नाही, पण गोळी त्यात थोडी तिरकी बसू शकते. अमेरिकेत १९६४ पासून रुगर १०/२२ नावाची सेमी ऑटो प्रचंड खपते, ती डबे पाडायला, शिकायला मस्त, पण तिला स्वतःच्या जोरावर काडतूस फेकून दुसरं घ्यायचं असतं म्हणून तिची साधी चेंबर सैलच ठेवावी लागते. मॅचसाठी बोल्ट, आणि तेही एकेक गोळी हाताने घालायची. अन्शुट्झ, वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, ब्लायकर ही नावं रेंजवर दिसतात ती सगळी याच जातीची. मधला मार्ग पाहिजे असेल तर सीझेड ४५७ सारखी बोल्ट रायफल, मॅगझिन आहे, ग्रुप चांगला, किंमत त्या मोठ्या नावांपेक्षा बरीच खाली.

बॅरल लांब म्हणजे अचूक हाही गैरसमज. .२२ मध्ये पावडर इतकी चिमूटभर असते की १६ ते १९ इंचांपर्यंत तिचा सगळा जोर संपतो, पुढची बॅरल गोळीला उलट घासून थोडी हळू करते. मॅच रायफली तरी लांब का, तर पुढची आणि मागची साइट लांब ठेवता येते म्हणून, आणि वजनासाठी.

जुनी घ्यायची असेल तर घाबरू नका, शिशाची मऊ गोळी बॅरल फार हळू झिजवते. पण तीन गोष्टी बघाच. बॅरलच्या तोंडाची कड, जिला क्राउन म्हणतात, तिथे टवका किंवा घासल्याची खूण असेल तर सोडून द्या किंवा नव्याने कापून घ्यायचा खर्च धरा, कारण गोळी शेवटी त्याच कडेला स्पर्श करून निघते आणि एका बाजूने गॅस आधी सुटला की ती कलते. लोक तोंडाकडून लोखंडी सळई घालून साफ करतात आणि वाट लावतात. दुसरं, चेंबरच्या कडेवर पिनचा खळगा पडलाय का, रिकामी रायफल सारखी सारखी खटखट चालवली की काही मॉडेलमध्ये तो पडतो आणि मग मिसफायर सुरू होतात. तिसरं अगदी फालतू वाटेल असं, ॲक्शन (बोल्ट बसतो तो लोखंडी भाग) आणि दस्ता जोडणारे स्क्रू. ते सैल असले तर महिनाभर तुम्ही गोळ्या बदलत बसाल. मी बसलोय. शेवटी टॉर्क रेंच आणला, दोन्ही स्क्रू मोजून सारखे आवळले आणि ग्रुप निम्मा झाला, तो दिवस मी कुणालाही सांगितला नव्हता, इथे पहिल्यांदा लिहितोय.

चाप तर हाताने बघूनच घ्या, हलका असण्यापेक्षा दरवेळी त्याच जागी सुटतोय का हे महत्त्वाचं, मध्ये खरखर नको.

आपल्याकडे .२२ ला आर्म्स ॲक्ट १९५९ खाली लायसन्स लागतं, त्यामुळे अमेरिकेसारखं दुकानात जाऊन चार रायफली मारून बघायचं सुख नाही. आधी एअर रायफलने १० मीटर करा, क्लब पकडा, पुण्यात बालेवाडीची रेंज आहे. स्पर्धांचा रस्ता नॅशनल रायफल असोसिएशनमधून जातो, १९५१ ची संस्था, लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर तिचे पहिले प्रेसिडेंट, नॅशनलच्या आधीची मावळंकर स्पर्धा त्यांच्याच नावाने. तिथे क्लबच्या रायफली मारता मारता तुम्हाला कळत जातं की आपल्या खांद्याला काय बसतं.

आणि क्लबात कुणी रायफल विकायला काढली की किंमत विचारायच्या आधी विचारा, "हिला कुठला लॉट चालतो, आणि त्याच्या किती पेट्या शिल्लक आहेत?" माझ्या रायफलीच्या पेटीच्या झाकणाला आतून मी लॉट नंबर लिहून ठेवलाय, त्याखाली आधीचे तीन खोडलेले आहेत, आणि आत्ताच्या लॉटच्या चार पेट्या उरल्यात.