आधी रक्तदाब की आधी मूत्रपिंड?

बीपी वाढलं की किडनी बिघडते, हे आता कुणालाही नव्याने सांगावं लागत नाही. पण त्या बिघाडात आपल्याच प्रतिकारशक्तीचा हात असतो, हे वैद्यकाच्या फार उशिरा ध्यानात आलं.

लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरत. ती तापून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी साकळली, की प्रथिन वाहून जातंय हे कळे. (आजही बीपीच्या प्रत्येक रुग्णाची ही साधी तपासणी वेळेवर होत नाही, याची हळहळ वाटते.) 1827 मध्ये त्यांनी अंगावरची सूज, लघवीतलं प्रथिन आणि खराब झालेली मूत्रपिंडं यांची सांगड घातली. पुढे अशा रुग्णांचं हृदयही वाढलेलं असतं हे त्यांनी नोंदवलं. रक्तदाब मोजायची सोय नव्हती. त्यामुळे मूळ दोष मूत्रपिंडाचाच, असं धरलं गेलं.

त्याच रुग्णालयात 1870 च्या दशकात फ्रेडरिक अकबर महोमेद या तरुण डॉक्टरने नाडीचा आलेख काढायचं यंत्र सुधारून घेतलं. पाटण्यात जन्मून इंग्लंडात स्थायिक झालेल्या दीन महोमेद यांचा हा नातू. लघवीत प्रथिन नसलेल्या, वरवर धडधाकट माणसांचाही दाब चढलेला असतो, हे त्याने दाखवलं. म्हणजे दाब आधी, मूत्रपिंडाचा नाश नंतर! 1884 मध्ये, अवघ्या 35 व्या वर्षी, टायफॉइडने तो गेला.

मग 1934 मध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची रोहिणी चिमट्याने आवळली आणि दाब चढला. पारडं पुन्हा मूत्रपिंडाकडे झुकलं.

या सगळ्या वादात खराब मूत्रपिंडात सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पांढऱ्या पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शिपायांना, कुणी फारसं विचारलं नाही. नुकसान झालं म्हणून त्या जमल्या, एवढाच त्यांचा अर्थ लावला जाई. 1960 च्या दशकात प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी उंदरांचा दाब उतरल्याचं दिसलं होतं, पण तो धागा मागे पडला. व्हेनेझुएलातल्या बर्नार्डो रोद्रिगेझ-इटुर्बे यांच्या गटाने तो पुढे नेला. 2001 च्या त्यांच्या प्रयोगात उंदरांना आधी अँजिओटेन्सिन हे रक्तदाब वाढवणारं संप्रेरक दिलं आणि नंतर खारट आहार. दाब चढला. पण अँजिओटेन्सिनसोबत मूत्रपिंड प्रत्यारोपणात वापरतात ते प्रतिकारशक्ती दाबणारं मायकोफेनोलेट दिलेल्या उंदरांचा दाब पुढे मिठाने वाढला नाही. 2007 मध्ये अमेरिकेत डेव्हिड हॅरिसन आणि टोमाश गुझिक यांनी टी आणि बी पेशी (पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार) मुळातच नसलेले उंदीर घेतले. अँजिओटेन्सिनने त्यांचा दाब बेताचाच वाढला. टी पेशी परत घातल्यावर तो चढला, बी पेशींनी मात्र नाही.

आता चित्र असं दिसतं: वाढलेला दाब आणि अँजिओटेन्सिन मूत्रपिंडातल्या पेशींना डिवचतात, त्या रसायनं सोडून पांढऱ्या पेशींना बोलावतात. या पेशींमुळे तिथे आणखी अँजिओटेन्सिन तयार होतं, मीठ शरीरात अडतं, दाब आणखी चढतो. दाह धुमसत राहिला की नाजूक नलिकांभोवती वण धरतो, आणि वण धरलेला भाग सहसा पूर्ववत होत नाही. महोमेद आणि गोल्डब्लाट दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असलेल्या गोळ्या अँजिओटेन्सिनची वाट अडवतात, त्यामुळे दाबाबरोबर हा दाहही काही अंशी शमतो. प्रतिकारशक्ती सरसकट दाबणारी औषधं मात्र निव्वळ बीपीसाठी देता येत नाहीत, कारण जंतुसंसर्गाचा धोका मोठा. फक्त मूत्रपिंडातला दाह कसा थोपवायचा, यावर संशोधन अजून चालू आहे.