पासवर्ड रीसेट करण्याआधी एक फोन करा
(खासगी क्लाउड स्टोरेजला बॅकअप जोडून घेतलेल्या ग्राहकांसाठी)

"बॅकअप थांबलाय, लॉगिन होत नाही म्हणतोय. म्हणून पासवर्ड रीसेट केला, तरी चालेना."

असा फोन आला की "म्हणून पासवर्ड रीसेट केला" इथेच आमचा जीव खाली-वर होतो. तिथून पुढे आमचा अख्खा दिवस जातो, आणि नशीब आडवे आले तर तुमच्या जुन्या फायलीही. सगळे समजावून घ्यायला दहा मिनिटे पुरतात, म्हणून हे पत्रक.

आधी एका शंकेविषयी, कारण ती जोडणी करतानाच निघते: "माझ्या आधीच्या ड्राइव्हला नुसते 'परवानगी द्या' दाबले आणि काम झाले. इथे पासवर्ड कशाला मागता?"

गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये फायलींची किल्ली कंपनीकडेच असते. तुम्ही परवानगी दिलीत की कंपनी आपल्या बॅकअपच्या साधनाला एक टोकन, म्हणजे आत जाण्याचा परवाना, देते, आणि तेवढ्यावर भागते. प्रोटॉन ड्राइव्ह, मेगा यांसारख्या ठिकाणी फाइल तुमच्या संगणकावरच कुलूपबंद होते आणि मग बाहेर पडते. सर्व्हरवर पोहोचते ते फक्त बंद गाठोडे. नुसत्या टोकनाने गाठोडे हाती येईल, पण सुटणार नाही. आम्ही वापरतो ते आरक्लोन हे साधन कुलूप लावण्या-काढण्याचे काम स्वतः करते, म्हणून त्याला पासवर्ड लागतो. आम्हाला लागत नाही. तो तुम्हीच टाइप करायचा, तेवढा वेळ आम्ही पाठ फिरवून बसतो.

हा पासवर्ड आरक्लोन आपल्या कॉन्फिग फायलीत (त्याची सगळी मांडणी जिथे लिहिलेली असते ती फाइल) साठवते, पण नुसता वरवर झाकून. ती फाइल ज्याच्या हाती पडेल त्याला तो वाचता येतो. म्हणून आम्ही त्या फायलीलाच आणखी एक पासवर्ड घालतो. "अजून एक पासवर्ड!" म्हणून कपाळावर आठ्या पडतात, पण याबाबतीत आम्ही ऐकत नाही. रोजच्या बॅकअपला तो संगणकाच्या पासवर्ड-तिजोरीतून आपोआप मिळतो, तुम्हाला टाइप करावा लागत नाही.

बदलणे वेगळे, रीसेट करणे वेगळे

इतर बहुतेक खात्यांत या दोन्हींचा परिणाम सारखाच, त्यामुळे फरक कोणाच्या लक्षात येत नाही. इथे तो जमीन-अस्मानाचा आहे.

असे समजा, तुमच्या फायलींची किल्ली एका डबीत आहे आणि डबीचे कुलूप म्हणजे तुमचा पासवर्ड. जुना पासवर्ड माहीत असताना लॉगिन करून, सेटिंग्जमध्ये जाऊन तो बदललात तर डबी उघडते, किल्ली आहे तशीच राहते, डबीला फक्त नवे कुलूप लागते. फायलींना धक्का लागत नाही. आरक्लोनला नवा पासवर्ड सांगितला की झाले, पाच मिनिटांचे काम.

"पासवर्ड विसरलात?" या वाटेने गेलात की गोष्ट वेगळी. कंपनीकडे तुमची जुनी डबी उघडायचे साधनच नसते. (याचसाठी तर तुम्ही हे स्टोरेज निवडलेत.) ती तुम्हाला नवी डबी, नवी किल्ली देते. जुन्या फायली सर्व्हरवर राहतात, जागा अडवतात, पण उघडत नाहीत. प्रोटॉनमध्ये आधी काढून ठेवलेले १२ शब्दांचे रिकव्हरी वाक्य, रिकव्हरी फाइल किंवा जुना पासवर्ड यांपैकी एक असेल तर जुनी किल्ली परत सुरू करता येते. मेगामध्ये रिकव्हरी की लागते. तीही नसेल तर खाते 'पार्क' करून, म्हणजे जुने बाजूला ठेवून, रिकाम्या पाटीपासून सुरुवात करायची, एवढेच उरते.

इकडे बॅकअपच्या साधनाला यातले काही कळत नाही. नव्या पासवर्डाने आत गेले, जुने काही दिसले नाही, की ते इमानेइतबारे सगळे पुन्हा चढवायला लागते. थोड्या दिवसांत जागा संपल्याची सूचना येते आणि ग्राहक म्हणतात, "तुम्ही सांगितलेला प्लॅन अपुरा पडला." दोन्ही बाजूंनी सिंक (इकडचे-तिकडचे सारखे ठेवणे) लावलेला असेल तर धोका आणखी मोठा: तिकडचा रिकामेपणा इकडे उतरू शकतो. आरक्लोनचे बायसिंक, म्हणजे हाच दुहेरी सिंक, निम्म्याहून अधिक फायली गेलेल्या दिसल्या की आपणहून थांबते. आम्ही ती मर्यादा पुष्कळ खाली आणून ठेवतो.

रीसेट केलाच असेल तर? बॅकअपचे वेळापत्रक थांबवा आणि मग कशालाच हात लावू नका. क्लाउडवरचे काही पुसू नका, साधन काढून पुन्हा टाकू नका, आणि मुख्य म्हणजे त्यात नवा पासवर्ड भरू नका. वर सांगितलेल्या कॉन्फिग फायलीत तुमचा जुना पासवर्ड अजून पडलेला असतो. तो आम्ही तुमच्यासमोर बाहेर काढू शकतो, आणि प्रोटॉनची जुनी डबी त्यानेच उघडते. जोडणीच्या दिवशी पासवर्ड साठवण्यावरून ज्यांनी आमच्याशी हुज्जत घातली, त्यांच्यापैकीच काहींच्या फायली असा साठवलेला पासवर्ड सापडल्यामुळे परत मिळाल्या आहेत.

मग लॉगिन मुळात अडते कशाने?

बहुतेक वेळा पासवर्डाचा दोष नसतोच. टू-फॅक्टर (पासवर्डासोबत अॅपमधला कोडही मागणारी सोय) लावले असेल तर कोड ३० सेकंदच चालतो, आणि ज्या फोनवर किंवा संगणकावर कोड तयार होतो त्याचे घड्याळ मागे-पुढे असले तर ताजा कोडही शिळा ठरतो. घड्याळ आपोआप जुळवण्यावर ठेवा. प्रोटॉनच्या काही जुन्या खात्यांना दोन पासवर्ड असतात, एक लॉगिनचा आणि एक मेलबॉक्सचा. आरक्लोनला दोन्ही लागतात. नवे खाते ब्राउझरमधून एकदाही उघडले नसेल तर त्याच्या किल्ल्याच तयार झालेल्या नसतात, तिथे साधन काय करणार. कधी घरातल्या कोणी फोनवरून पासवर्ड बदललेला असतो आणि सांगायचे राहिलेले असते. आणि कधी आरक्लोनच जुने झालेले असते. प्रोटॉन ड्राइव्हची सोय त्यात २०२३ मध्ये, १.६४ या आवृत्तीत, बीटा म्हणून (अजून चाचणीत असलेली) आली. समोरच्या बाजूने काही बदलले की जुनी आवृत्ती अडखळते. वार्षिक सेवेत आम्ही आवृत्ती वेळच्या वेळी बदलतो, ते उगीच नाही.

"फाइल काढली तरी क्लाउडवर दिसते" ही तक्रारही येते. ते मुद्दाम आहे. नुसता सिंक म्हणजे इकडे पुसले की तिकडेही पुसले, त्याला बॅकअप म्हणायला आमची जीभ वळत नाही. तिकडून पुसल्या किंवा बदलल्या जाणाऱ्या फायली आम्ही एका वेगळ्या फोल्डरमध्ये सरकवायला सांगतो आणि तो ठरावीक मुदतीने रिकामा करतो. जागा थोडी जास्त लागते, हे कबूल.

जोडणीच्या दिवशी रिकव्हरीचे १२ शब्द तुमच्याकडून कागदावर लिहून घेतल्याशिवाय आम्ही पुढचे काम सुरू करत नाही. कंटाळवाणे आहे. "एक प्रत तुमच्याकडेच ठेवा ना" असे बरेच जण म्हणतात. नाही ठेवत. ज्याच्याकडे ते शब्द, त्याच्याकडे तुमचे खाते, आणि ती जबाबदारी आमच्या कपाटाला पेलणारी नाही. कागद दोन करा, दोन वेगळ्या जागी ठेवा. फोनमध्ये त्याचा फोटो काढून तोच फोटो त्याच क्लाउडवर ठेवणारेही भेटले आहेत. तसे करू नका.

वार्षिक सेवेत दर सहा महिन्यांनी आम्ही एक फोल्डर दुसऱ्या संगणकावर परत उतरवून, फायली उघडून दाखवतो. सेवा घ्यायची नसेल तर हे स्वतः करा: कोणताही एक फोल्डर निवडा, दुसऱ्या यंत्रावर उतरवा, चार फायली उघडा. अर्धा तास लागतो.

फोन करताना पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा वाचून दाखवा, "काहीतरी एरर आलाय" यातून काही कळत नाही. पासवर्ड आणि ते १२ शब्द मात्र फोनवर सांगू नका, आमच्या नावाने कोणी विचारले तरी.