निकेलचा धूर आणि स्वानविकचं यंत्र

नॉर्वेच्या पार ईशान्य टोकाला, पासविक नदीच्या काठी स्वानविक नावाचं चिमुकलं गाव आहे. नदीपलीकडे रशिया आणि आठेक किलोमीटरवर निकेल शहर. शहराचं नावच धातूवरून पडलेलं. पूर्वेचा वारा सुटला की तिथल्या भट्ट्यांचा धूर सरळ गावात उतरायचा. जिभेवर गंधकाची चव, घशात खवखव.

निकेलचा हा मुलूख १९२० पासून फिनलंडकडे होता. तिथे निकेल सापडलं, १९३४ मध्ये खाणीचा हक्क एका कॅनेडियन कंपनीकडे गेला, १९४४ मध्ये सगळंच सोव्हिएत संघाकडे. सत्तरच्या दशकात सायबेरियातल्या दूरच्या नॉरिल्स्कहून गंधकाने भरलेलं खनिज येऊ लागलं आणि धूर फारच वाढला. त्या दशकाच्या अखेरीस सल्फर डायऑक्साइडचं उत्सर्जन वर्षाला ४ लाख टनांच्या घरात पोचलं होतं.

स्वानविकमध्ये १९७४ पासून हवेची मोजणी सुरू झाली. नॉर्वेतली सल्फर डायऑक्साइडची आजची मर्यादा तासाला सरासरी ३५० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, तीही वर्षातून २४ वेळांहून अधिक ओलांडायची नाही. पण कागदावरची मर्यादा वाऱ्याला कोण सांगणार? १९९० च्या सुमारास 'मृत्यूचे ढग थांबवा' अशी चळवळ उभी राहिली. कारखाना सुधारण्यासाठी नॉर्वेने पैसेही देऊ केले. सुधारणा मात्र झालीच नाही.

तब्येतीचा हिशेब इतका सरळ निघाला नाही. १९९४-९५ मध्ये सीमेच्या दोन्ही बाजूंच्या प्रौढांची तपासणी झाली. निकेलची ॲलर्जी रशियन बायकांत जास्त असेल, असं कुणालाही वाटलं असतं. ती निघाली नॉर्वेच्या बायकांत! कारण धुराड्यात नव्हतं, टोचलेल्या कानांत होतं. स्वस्त दागिन्यांतलं निकेल कातडीला भिडतं. म्हणून धूर निरुपद्रवी ठरतो असं मुळीच नाही. सल्फर डायऑक्साइडने दमेकऱ्यांचा श्वास काही मिनिटांतच अडतो. पण छोट्या वस्तीत आजाराचा माग एकाच भट्टीपर्यंत नेणं किती अवघड, हे तिथे कळलं.

शेवटी निकेलची भट्टी २३ डिसेंबर २०२० ला विझली. ती चालवणाऱ्या नॉरनिकेल या रशियन कंपनीच्या लेखी ती जुनाट झाली होती. स्वानविकच्या यंत्रावरचे सल्फर डायऑक्साइडचे आकडे लगेच खाली आले. मातीत आणि तळ्यांच्या गाळात साचलेलं निकेल आणि तांबं मात्र जागच्या जागी आहे.