पॅनेलवरची घरगुती स्क्रीन प्रिंटिंग

घरी बनवलेला ॲम्प्लिफायर, पॉवर सप्लाय, टायमर, टेस्टिंगचा डबा, अशा कशाच्याही पुढच्या पत्र्यावर 'ऑन', 'व्हॉल्यूम', '०-३० व्होल्ट' अशी अक्षरं आणि नॉबभोवतीच्या खुणा ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापायचं काम. जाळीचा बाकी भाग इमल्शनने (उजेडाने कडक होणाऱ्या लेपाने) बुजवलेला असतो, अक्षरांपुरती ती उघडी असते, वरून रबरी पट्टी म्हणजे स्क्वीजी ओढली की उघड्या जागेतून शाई खाली उतरते, तत्त्व एवढंच. लग्नपत्रिका आणि टी-शर्ट छापणारेही हेच करतात. पण पत्रा शाई पीत नाही, अक्षरं जेमतेम २-३ मिलिमीटरची असतात आणि प्रत्येक खूण भोकाच्या मध्याशी जुळावी लागते, त्यामुळे कार्डं छापणाऱ्याचा हात इथे अर्धाच कामाला येतो.

नाव आणि उगम : सगळे स्क्रीन प्रिंटिंगच म्हणतात, जुने लोक सिल्क स्क्रीन. रेशीम केव्हाच गेलं, नायलॉन आणि आता पॉलिएस्टर आलं, तरी नाव टिकलं, इतकं की पीसीबीवरच्या (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पट्टीवरच्या) पांढऱ्या अक्षरांच्या थरालाही अजून सिल्कस्क्रीनच म्हणतात, मग तो हल्ली इंकजेटने का छापलेला असेना.

उगमाबद्दल एकमत नाही. चीनमध्ये सोंग काळात म्हणजे साधारण इ.स. ९६० ते १२७९ च्या दरम्यान सुरुवात झाली असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं, पण ते स्टेन्सिलबद्दल (नक्षी कापून काढलेल्या साच्याबद्दल) आहे की जाळीबद्दल हे तिथे नीट वेगळं केलेलं नसतं. जपानच्या कातागामी स्टेन्सिलचा दावा जास्त पटण्यासारखा आहे. तुतीच्या सालीच्या कागदाचे थर पर्सिमॉन फळाच्या रसाने चिकटवायचे, नक्षी कापायची, आणि नाजूक तुकडे गळून पडू नयेत म्हणून दोन थरांच्या मध्ये रेशमाचे धागे घालायचे. म्हणजे अक्षराच्या पोटातलं बेट, म्हणजे चारी बाजूंनी सुटा पडणारा तुकडा, हवेत कसं ठेवायचं हा प्रश्न तिथे सुटला, आणि जाळीचं खरं काम तेच आहे. त्यानंतर मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनचं १९०७ चं पेटंट येतं, बहुतेक संदर्भग्रंथ आधुनिक स्क्रीन प्रिंटिंग तिथून मोजतात. त्याने शाई स्क्वीजीने नाही तर ताठ ब्रशने दाबली असं सांगतात. पुढे १९१० च्या दशकात अमेरिकेत रॉय बेक, चार्ल्स पीटर आणि एडवर्ड ओवेन्स ह्यांनी डायक्रोमेट हा क्रोमियमचा क्षार घातलेल्या इमल्शनवर उजेडाने स्टेन्सिल काढायचे प्रयोग केले असं सर्रास लिहिलं जातं.

पॅनेलपुरतं बोलायचं तर ही वंशावळ थोडी वेगळी मांडायला हवी. हाताने कापलेल्या स्टेन्सिलमधून २ मिलिमीटरचं अक्षर निघत नाही, ते उजेडानेच काढावं लागतं. डायक्रोमेट लावलेला कागद उन्हात बदलतो हे स्कॉटलंडच्या मंगो पाँटनने १८३९ मध्ये दाखवलं, आणि डायक्रोमेट घातलेलं जिलेटिन उजेडाने कडक होऊन पाण्यात विरघळेनासं होतं ह्यावर फॉक्स टॅल्बॉटने १८५२ मध्ये पेटंट घेतलं. दोघेही फोटोग्राफीवाले. त्यामुळे पॅनेलच्या छपाईचा उगम सायमनपेक्षा ह्या दोघांकडे शोधणं जास्त बरोबर वाटतं, आणि घरी काम बिघडतं तेही बहुतेक वेळा शाईत नाही, उजेडातच बिघडतं.

जाळीचा नंबर : इथे फार गोंधळ आहे. १२० टी म्हणजे सेंटीमीटरला १२० धागे, इंचाला साधारण ३०५. ७७ टी म्हणजे इंचाला १९५ च्या आसपास, ४३ टी म्हणजे ११० च्या आसपास. 'टी' हे अक्षर पूर्वी धाग्याची जाडी सांगायचं (एस बारीक, टी मध्यम, एचडी जाड), आता धाग्याचा व्यास मायक्रॉनमध्येच लिहितात, १२०-३४ असं. रेशमाच्या काळातला १२ डबल एक्स नंबर इंचाला १२५ च्या जवळ येतो. आता दुकानात नुसतं 'एकशेवीसची जाळी द्या' म्हटलं आणि समोरच्याने इंचाचं १२० काढून दिलं तर हातात येते सेंटीमीटरला ४७ धाग्यांची जाळी, जी कापडाला ठीक आहे.

हिशोब करून बघा. ४७ च्या जाळीत एका धाग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत साधारण २१३ मायक्रॉन, आणि आपल्या अक्षराची रेघ ०.२ मिलिमीटर म्हणजे २०० मायक्रॉन, म्हणजे अख्खी रेघ एका घराएवढीही नाही, कडा करवतीसारख्या येणारच. १२० च्या जाळीत हेच अंतर ८३ मायक्रॉन, रेघेत दोन-अडीच घरं बसतात आणि डोळ्याला कड सरळ दिसते. म्हणून पॅनेलला १०० ते १२० च्या खाली जाऊ नये. फार बारीक घेतली तर शाईचा थर पातळ पडतो आणि काळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं राखाडी दिसतात, तिथे ९० वर तडजोड करतात.

इमल्शन आणि उजेड : बाजारात बाटलीत मिळतं ते पॉलीव्हिनाइल अल्कोहोलवर आधारलेलं इमल्शन, सोबत सेन्सिटायझर, म्हणजे त्याला उजेडाला जागं करणारं रसायन. जुन्या पद्धतीत सेन्सिटायझर म्हणजे अमोनियम किंवा पोटॅशियम डायक्रोमेट, ज्याला जुने लोक बायक्रोमेट म्हणतात, नारिंगी खडे. उजेड पडला की त्यातलं सहा संयुजेचं क्रोमियम तीन संयुजेवर येतं आणि पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात, तो भाग पाण्यात विरघळत नाही. जाळीला टेकवलेल्या फिल्मवरच्या, म्हणजे मजकूर छापलेल्या पारदर्शक पानावरच्या, काळ्या अक्षराखाली उजेड पोचत नाही, तो भाग पाण्याने धुऊन उघडा होतो. डायक्रोमेट स्वस्त आणि जलद आहे, पण सहा संयुजेचं क्रोमियम कॅन्सरकारक आहे, हातमोजे हवेतच, आणि ते स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये तर अजिबात नको. डायझो हा दुसऱ्या प्रकारचा सेन्सिटायझर त्या मानाने सुरक्षित, आणि एकदा मिसळला की काही आठवडे टिकतो. डायक्रोमेट मिसळलेलं इमल्शन अंधारातसुद्धा हळूहळू आपोआप कडक होत जातं, गरम दमट हवेत आणखी लवकर, म्हणून ठाण्यात मे महिन्यात रात्री इमल्शन लावून ठेवलेली फ्रेम दुसऱ्या दिवशी वापरून टाकलेली बरी.

पावसाळ्यात उलटा त्रास. इमल्शन पूर्ण वाळल्याशिवाय एक्स्पोज केलं, म्हणजे उजेड दिला, तर ते नीट कडक होत नाही आणि धुताना अक्षरांसकट सगळं वाहून जातं. जून ते सप्टेंबर नुसत्या पंख्याखाली रात्रभर ठेवून भागत नाही, वरून हात लावला तर कोरडं वाटतं पण धाग्यांच्या मध्ये ओल असते. बंद कपाटात छोटा फॅन आणि सिलिका जेलच्या पुड्या हा उपाय वन-बीएचकेमधल्या माणसालाही जमतो, फक्त कपाट कोणाचं हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

उजेडाचं गणित तर अजूनच फसवं. ही इमल्शनं मुख्यतः ३५० ते ४२० नॅनोमीटरच्या उजेडाला जागी होतात. जुन्या ट्यूबलाइटच्या पाऱ्याच्या रेषांपैकी ३६५ आणि ४०५ ची थोडी गळती बाहेर यायची, म्हणून चार ट्यूबांचा डबा करून लोकांचं काम निघायचं. मग घरात पांढरे एलईडी आले. पांढरा एलईडी म्हणजे ४५० च्या आसपासचा निळा उजेड आणि त्यावर फॉस्फर (तो उजेड पांढरा दिसायला लावणारा लेप), यूव्ही जवळपास नाहीच, त्यामुळे डोळ्याला तेवढाच लख्ख उजेड, कधीकधी जास्तच, आणि उजेड किती द्यायचा ह्याची वहीत लिहिलेली जुनी मिनिटं मात्र सगळी खोटी. लोक इमल्शन खराब निघालं म्हणून दुकानदाराशी भांडतात. ३९५ किंवा ४०५ ची एलईडी पट्टी लावली की हा प्रश्न संपतो.

वेळ कोणाला विचारून ठरवू नये, पट्टी चाचणी करावी. फिल्मवर पुठ्ठा ठेवून तो सरकवत एकाच फ्रेमवर १, २, ४, ८ मिनिटं द्यायची आणि धुऊन बघायचं. कमी पडलं तर आतली बाजू बुळबुळीत राहते आणि कडा झिजतात, जास्त झालं तर बारीक भाग उघडतच नाहीत. धुण्यासाठी मोरीतला जेट स्प्रे चालतो, पण जोर सांभाळून.

फिल्म लेसर प्रिंटरवर ट्रेसिंग पेपरवर काढली तर दोन गोष्टी नडतात. टोनर पुरेसा काळा नसतो, म्हणून दोन प्रती एकावर एक जुळवून चिकटवतात. दुसरं म्हणजे प्रिंटरच्या उष्णतेने कागद आकसतो, २०० मिलिमीटरच्या पॅनेलला अर्धा टक्का म्हणजे १ मिलिमीटर, आणि मग डावीकडचा नॉब जुळला की उजवीकडचा सरकलेला. डीटीपीवाल्याकडून पारदर्शक फिल्मवर काढून घेतली तरी घरी येऊन पट्टीने मोजावी. फिल्म सरळच छापायची, टोनरची बाजू जाळीच्या खालच्या अंगाला टेकवायची आणि वर काचेचं वजन, कारण मध्ये फट राहिली की उजेड अक्षराच्या कडेखाली शिरतो.

देवनागरी अक्षरं : बहुतेक घरगुती पॅनेलवर इंग्रजीच असतं, पण शाळेच्या प्रयोगशाळेचे संच किंवा गणपती मंडळाच्या लायटिंगचा कंट्रोल बॉक्स असला की मराठी लागतं. २ मिलिमीटर उंचीच्या अक्षरावरचा अनुस्वार ०.३ मिलिमीटरच्या आसपास येतो, आणि एक्स्पोजर जरा जास्त झालं की सगळ्यात आधी तो बुजतो. 'सुरू / बंद' ह्यातलं बंद छापून येतं 'बद'. म्हणून मराठी लेबल किमान ३ मिलिमीटर आणि जाड रेघेच्या फॉन्टमध्ये घ्यावं, रफार आणि अनुस्वार हाताने थोडे मोठे करून. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधलं आणि युनिकोडमधलं मराठी एकमेकांना ओळखत नाही, तेव्हा मजकुराचे कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांच्या रेघा करूनच, फाइल द्यावी, नाहीतर पॅनेलवर भलतंच काहीतरी येतं.

आधी भोकं की आधी छपाई : ह्यावर दोन पंथ आहेत. आधी छपाईवाल्यांचं म्हणणं असं की सपाट पत्र्यावर स्क्वीजी सरळ जाते, भोकाच्या कडेला शाई साचत नाही आणि भोकाच्या धारेने जाळी फाटत नाही, शिवाय मध्याच्या अधिकच्या खुणा छापून ठेवल्या की ड्रिल तिथेच टेकवता येतं आणि खूण भोकात निघून जाते. दुसऱ्यांचं म्हणणं, ड्रिल सरकलं तर छापलेला अख्खा पत्रा भंगारात. पावडर कोटिंग (भुकटीचा रंग भट्टीत भाजून बसवणं) करायचं असेल तर हा वाद उरतच नाही, भोकं आधीच पाडावी लागतात, नाहीतर कोटिंगचे टवके उडतात. साध्या पत्र्यालाही आधी भोकं, मग कानसने धार नीट घासून, भोकांना खालून टेप, हाच क्रम कमी नुकसानीचा आहे.

पत्र्याच्या चारी बाजूंना त्याच जाडीच्या पट्ट्या ठेवतात म्हणजे स्क्वीजी कडेवरून घसरत नाही. जाळी आणि पत्रा ह्यांत २-३ मिलिमीटर फट, फ्रेमला मागून बिजागऱ्या, आणि पत्रा दरवेळी त्याच जागी बसावा म्हणून दोन कोपऱ्यांना अडसर. साधा पोटेंशियोमीटर, म्हणजे व्हॉल्यूमसारखा नॉब ज्यावर बसतो तो भाग, साधारण ३०० अंश फिरतो, म्हणून ० ते १० च्या खुणा ३० अंशांवर येतात, १२ जागांच्या रोटरी स्विचलाही ३० च. खुणांची सुरुवात नॉबच्या घेराबाहेर ठेवायची, हे नॉब विकत घेण्याआधी ड्रॉइंग करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

पत्रा आणि शाई : ॲल्युमिनियमला दोन भागांची इपॉक्सी शाई, हार्डनर घातल्यावर काही तासांत संपवायची. वरून लवकर सुकते पण पूर्ण पक्की व्हायला घरच्या तापमानात आठवडाभर लागू शकतो, तोवर थिनरच्या बोळ्याने पुसून बघायची घाई नको. छापण्याआधी आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसायचं आणि मग बोट लावायचं नाही. ॲक्रिलिकवर मागून छापतात, तेव्हा फिल्म उलटी लागते आणि रंगांचा क्रमही उलटा, आधी अक्षरं, मग पाठचा रंग. ताण असलेल्या ॲक्रिलिकला जहाल सॉल्व्हेंटने बारीक तडे जातात.

जाळी परत वापरायला डायक्रोमेटचं किंवा डायझोचं इमल्शन ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने काढता येतं. त्याच मोरीत त्या दिवशी टॉयलेटचं ॲसिड ओतू नये, क्लोरीन वायू सुटतो.

ठाणे-नवी मुंबईत : राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ची, आणि वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. खाडीपलीकडे दिघा, रबाळे, महापे, तुर्भे असा ठाणे-बेलापूर पट्टा. त्यामुळे पत्रा कापणारे, पावडर कोटिंगवाले आणि नेमप्लेटवाले गाळे इथे जवळपास मिळतात, कंपोनंटसाठी मात्र लॅमिंग्टन रोड आणि इलेक्ट्रिकल सामानासाठी लोहार चाळ गाठावी लागते. घरी छापायचं प्रमाण आता कमी झालंय, काळ्या ॲनोडाइज (वरचा थर विजेच्या प्रक्रियेने कडक केलेल्या) पत्र्यावर लेसरने कोरून किंवा यूव्ही प्रिंटरवर छापून मिळतं, आणि पीसीबी बनवणाऱ्यांकडूनच पुढचं पॅनेल भोकांसकट मागवणारेही बरेच आहेत. एकच नग हवा असेल तर ते परवडतं. दहा-वीस एकसारखी पॅनेलं आणि दोन रंग असतील तर फ्रेम अजून स्वस्त पडते.